रोजची राख आणि दोन कोकरं : यहुदी ग्रंथांतलं नित्यकर्म

पाटीदप्तर (धागाकर्ता)

तोरातलं (म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांतलं) सगळ्यात व्यापक वचन कोणतं, ज्यात बाकी सगळं सामावतं असं एकच वाक्य कोणतं, यावर जुन्या रब्बींची, म्हणजे यहुदी धर्मगुरूंची, एक चर्चा आहे. बेन झोमा म्हणतो, "हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच आहे." याला कोण नाही म्हणणार? बेन नन्नास म्हणतो, याहून व्यापक आहे: "आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर." हेही पटण्यासारखं. मग शिमोन बेन पाझी म्हणतो, त्याहून व्यापक वचन मला सापडलंय: "एक कोकरू सकाळी अर्पण कर आणि दुसरं संध्याकाळी." तेवढ्यात कोणीतरी एक रब्बी (नावही दिलेलं नाही) उठून उभा राहतो आणि जाहीर करतो, निकाल बेन पाझीच्या बाजूने!

'ऐन याकोव' हा तालमुदातल्या (रब्बींच्या चर्चांचा मोठा ग्रंथ) कथांचा सोळाव्या शतकातला संग्रह आहे. त्याच्या प्रस्तावनेत ही गोष्ट येते. पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं, बेन पाझी गंमत करतोय. कारण हे वचन आहे तोरातल्या 'गणना' या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात, आणि तो अध्याय उघडला तर वाणसामानाची यादी वाटावी. एक वर्षाची दोन निर्दोष कोकरं, एक सकाळी, एक मावळतीला. प्रत्येकासोबत एफाचा दहावा हिस्सा सपीठ, त्यात हिनाचा चौथा हिस्सा कुटून काढलेलं तेल. तितकंच पेयार्पण. शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) असो, सण असो, हे आहेच. त्या दिवसाचं जास्तीचं असेल ते याच्या वर. या रोजच्या होमार्पणाला 'तामीद' म्हणतात. यात प्रेमाचा उल्लेख नाही, श्रद्धेचा नाही, देव एक आहे की कसं, याचाही नाही. तरी हे वचन बाकी दोघांवर कुरघोडी करतं.

मग मी तामीदच्या मागे लागलो, आणि कोकरापेक्षा राखेपाशी जास्त रेंगाळलो. लेवीय ६ मध्ये वेदीवरचा अग्नी जळता ठेवा, विझू देऊ नका, असं चार-पाच ओळींत पुन्हा पुन्हा बजावलंय. पण त्याच उताऱ्यात आधी येते ती राख. याजकाने तागाची वस्त्रं घालून रात्रभर जळलेल्या होमार्पणाची राख काढायची, वेदीशेजारी ठेवायची, मग कपडे बदलून ती छावणीबाहेर शुद्ध जागी नेऊन टाकायची. म्हणजे दिवसाची पहिली सेवा कोणती, तर कालचं आवरणं.

मिश्नेत (रब्बींच्या नियमांचा संग्रह, तालमुदाचा पाया) 'तामीद' नावाचंच सात अध्यायांचं एक छोटं प्रकरण आहे. यरुशलेमच्या मंदिरातली एक सकाळ त्यात जवळजवळ घटका-घटकेने सांगितलीय. पहाटे मुकादम येऊन दार ठोठावतो. कधी कोंबडा आरवताना, कधी त्याच्या आगेमागे. ठरलेली वेळ नाही. ज्यांना राख काढायची असते ते तो यायच्या आतच उठून स्नान करून बसलेले असतात. ज्याच्या नावावर निघेल तो एकटा आत जातो. बरोबर कोणी नाही, हातात दिवा नाही. वेदीवरच्या आगीच्या उजेडात चालायचं. बाहेरच्यांना तो दिसत नाही, चाहूल लागत नाही. मग हातपाय धुवायच्या पात्राला बेन कातीनने करून दिलेल्या लाकडी रहाटाचा आवाज येतो, आणि सगळे समजतात, पोचला. तो चांदीचं फावडं घेऊन वर चढतो, निखारे इकडेतिकडे सारतो, आतले पुरते जळलेले तेवढे उचलतो आणि खाली उतरतो.

आता 'ज्याच्या नावावर निघेल' याची कथा. ती 'योमा' प्रकरणात आहे. आधी असं नावबिव काढत नसत. ज्याला हवं तो राख काढे. जास्त जण असले की वेदीच्या चढणीवरून धावत जायचं, जो पहिला तो मानकरी. एकदा दोघं बरोबरीने धावले, एकाने दुसऱ्याला ढकललं, त्याचा पाय मोडला. तेव्हा न्यायसभेने ठरवलं, धावणं बंद. गोल उभं राहायचं, बोटं पुढे करायची आणि मोजत जायचं. (अंगठा पुढे केलेला चालत नसे. लबाडी तेव्हाही होती.)

राख काढायला मिळावी म्हणून पाय मोडेस्तोवर धावणारी माणसं मला आवडली. पण प्रश्न उरतोच. रोज तेच, त्याच मापात, त्याच वेळी करण्यात अध्यात्म कुठे असतं? का ही फक्त शिस्त? जाणकारांनी भर घालावी.

---

अनघा_ठाणे

वाचतेय. कोकरांचं वाचून जरा कसंसं झालं, पण राख काढणाऱ्याचं वर्णन डोळ्यांसमोर उभं राहिलं.

अग्निहोत्राची आठवण झाली. तिथेही सकाळ-संध्याकाळ, तिथेही अग्नी सांभाळायचा. आणि एक बाळबोध प्रश्न: मंदिर तर इसवी सन ७० मध्येच गेलं ना? मग या सगळ्याचं आज काय?

---

खवचट_काका

धागा चांगला, पण तुम्ही लोकांनी एकच बाजू मांडायचा चंग बांधलेला दिसतो. यहुदी ग्रंथातच या रोजच्या कारभाराची सालटी काढणारे संदेष्टे आहेत, ते कुठे गेले? यशयाचा पहिला अध्याय वाचा. तुमचे यज्ञ मला कशाला, मेंढ्यांच्या होमार्पणांनी माझं पोट भरलंय, तुमच्या हातांना रक्त लागलंय, असं देव म्हणतो. आमोस ५: तुमच्या गाण्यांचा गलका माझ्यापासून दूर न्या, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. आणि यशया २९ तर थेट आपल्या मुद्द्यावर: हे लोक ओठांनी माझा मान राखतात, मन माझ्यापासून लांब, आणि त्यांचं माझं भय म्हणजे पाठ करून घेतलेली माणसांची आज्ञा.

पोपटपंचीला अध्यात्म म्हणायचं असेल तर म्हणा. रोज करतो म्हणून खोल असतं असं काही नाही. रोज दाढीही करतो.

---

पाटीदप्तर

@अनघा_ठाणे, मंदिर गेल्यावर प्रार्थना आली. म्हणजे प्रार्थना आधीही होतीच, पण तिने तामीदची वेळ उचलली. तालमुदात (बराखोत २६) दोन मतं शेजारी शेजारी दिलीत. एक म्हणतं, तीन वेळच्या प्रार्थना कुलपित्यांनी घातल्या: सकाळची अब्राहामाने, दुपारची इसहाकाने, रात्रीची याकोबाने. दुसरं म्हणतं, त्या रोजच्या दोन कोकरांच्या जागी आल्या; आणि रात्रीची कशाच्या जागी, तर वेदीवर रात्रभर जळत राहणाऱ्या उरल्यासुरल्या तुकड्यांच्या. मला दुसरं मत जास्त भावतं, पण ते असो.

@खवचट_काका, दाढीचं मान्य. संदेष्टेही मान्य. पण यशयाच्या त्याच दमात मलाखी वाचा. तिथे याजक नाक मुरडून म्हणतात, "काय हा त्रास!" आणि लंगडं, आजारी जनावर आणून वेदीवर ठेवतात. देव चिडतो तो त्यावर. म्हणजे कंटाळा ही तेव्हाचीही अडचण होती आणि ती ग्रंथात नोंदवली गेली. रब्बींनाही ती टोचत होती. मिश्नेत रब्बी एलिएझर स्वच्छ सांगतो, जो आपली प्रार्थना ठरीव करतो त्याची प्रार्थना ही याचना नव्हे. ठरीव म्हणजे काय, यावर पुढे तालमुदात (बराखोत २९) वाद आहे. एक म्हणतो, ज्याला ती ओझं वाटते त्याची. दुसरा म्हणतो, जो तिच्यात नवीन काही घालू शकत नाही त्याची.

आता गंमत बघा. शम्मायचं प्रसिद्ध वचन आहे, "तुझा अभ्यास ठरीव कर." म्हणजे अभ्यास रोज, ठरल्या वेळी; आणि प्रार्थनाही ठरल्या वेळी, पण ठरीव नको! हा पेच त्यांनी सोडवला नाही. तसाच ठेवून दिला.

---

जालवाचक

या पेचाची पुढची पायरी मध्ययुगात आहे. रोज प्रार्थना करणं ही मुळात तोराची आज्ञा आहे का? रामबाम (मायमोनिडीज) म्हणतो, आहे. रोज निदान एकदा प्रार्थना करणं हे तोराचंच बंधन, वेळा आणि शब्द तेवढे नंतर ठरले. रामबान (नाखमानिडीज, नावं सारखी, माणसं वेगळी) म्हणतो, छे, रोजची प्रार्थना ही रब्बींनी लावलेली. तोराची आज्ञा असलीच तर संकटात हाक मारण्याची.

दोघांत मला रामबान माणसाच्या जास्त जवळचा वाटतो. संकटात हाक आपोआप येते. पण मग संकट नसतानाच्या मंगळवारी काय करायचं, याचं उत्तर रामबामकडेच मागावं लागतं.

---

दर्याकिनारी

नेहमी वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही. आम्ही बेने इस्राएल, मूळचे अलिबागकडचे. आडनावाच्या शेवटी 'कर' आहे, एवढं पुरे.

आमच्यात जी परंपरेने कथा सांगतात ती अशी, की नवगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्यापुस्तकं सगळी समुद्रात गेली. हिब्रू विसरलं, बरेचसे सण विसरले. उरलं काय, तर शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि 'शमा'. तुमचा बेन झोमा जे वचन म्हणतो ना, "हे इस्राएला ऐक", तेच. जन्म असो, लग्न असो, मरण असो, दुसरं येत नव्हतं म्हणून तेच म्हणायचे. शेकडो वर्षं. मुंबईत पहिलं सिनेगॉग झालं ते १७९६ मध्ये, सामुएल दिवेकरांनी बांधलेलं 'शाआर हारहामीम'. त्याआधी कोकणात याजक नाही, रब्बी नाही, वेदी तर नाहीच नाही. घाणा होता. तेल काढायचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक 'शनवार तेली' म्हणायचे. मंदिरातल्या दिव्याला ऑलिव्ह कुटून काढलेलं पहिलं तेल लागायचं असं मिश्नेत वाचलं तेव्हा मला आमचा घाणा आठवला. आमचं तिळाचं, तो भाग वेगळा.

काकांना सांगायचंय ते हे. माझी आजी झोपताना उजव्या हाताने डोळे झाकून शमा म्हणायची. हिब्रूतला शब्द न् शब्द तोंडपाठ, अर्थ विचारला तर पहिल्या ओळीचा सांगायची, पुढचं "देवाला कळतंय ना" म्हणून मोकळी. एकदा शमा चालू असताना दूध उतू जायला लागलं. तिने डोळ्यांवरचा हात काढला नाही, दुसऱ्या हाताने मला स्टोव्हकडे बोट दाखवलं, आणि तोंड चालूच. मी गॅलरीतून धावत आलो. आता ही पोपटपंची म्हणायची का? म्हणा. पण कोकणात आमचं यहुदीपण टिकलं ते असल्याच पोपटपंचीवर. अर्थ समजून करणारे वाट बघत बसले असते तर एव्हाना आम्ही नुसते तेली उरलो असतो.

आणि मंदिर गेल्याचं विचाराल, तर त्याचा उपास आमच्यात आहे. बाहेरचे 'तिशा बआव' म्हणतात, आमचे म्हातारे 'बिरड्याचा रोजा' म्हणायचे. त्या दिवशी वालाचं बिरडं असतं म्हणून.

---

अनघा_ठाणे

@दर्याकिनारी, किती छान लिहिलंत! बिरड्याचा रोजा हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. अजून लिहा ना.

---

खवचट_काका

@दर्याकिनारी, तुमच्या आजीला नमस्कार. तिला पोपट म्हणायची माझी छाती नाही.

पण एक लक्षात घ्या, तुम्ही जे सांगताय ते टिकण्याबद्दल आहे. धागाकर्त्याने विचारलंय अध्यात्माबद्दल. समाज टिकला, उत्तम. त्यातल्या एकेका माणसाला आत काय मिळालं?

---

चूलबोळकी

राख काढणाऱ्या याजकाचं वाचून मला हसूच आलं. आमच्या माजघरात पहाटे चुलीतली राख काढायला बायका उठत, त्यांच्यात कधी धावायची शर्यत लागली नाही, आणि कोणी चांदीचं फावडंही दिलं नाही. 😀

गंभीरपणे विचारते. या सगळ्या वेळच्या वेळी करायच्या गोष्टींत बायका कुठे आहेत?

---

जालवाचक

@चूलबोळकी, मिश्नेत (बराखोत ३) स्पष्ट नियम आहे. बायका, गुलाम आणि लहान मुलं यांना शमा आणि तेफिलीन (प्रार्थनेच्या वेळी अंगावर बांधायच्या वचनांच्या डब्या) यांतून सूट. पण प्रार्थना, मेझुझा (दाराच्या चौकटीला लावायची वचनं) आणि जेवणानंतरचं आभारस्तवन यांचं बंधन. प्रार्थनेतून सूट का नाही, तर तालमुद म्हणतो, ती दयेची मागणी आहे. दया सगळ्यांनाच लागते. सर्वसाधारण तत्त्व असं की वेळेला बांधलेल्या विधायक आज्ञांतून बायका मोकळ्या.

म्हणजे दर्याकिनारींच्या आजीला शमाचं बंधनच नव्हतं. ती आपणहून म्हणत होती.

---

चूलबोळकी

सूट! ज्यांचा दिवस आधीच मिनिटामिनिटाला बांधलेला, त्यांना वेळेतून सूट. वाचायला गोड आहे. पण सूट दिली की मानही जातो, मोजणीत धरत नाहीत, हेही खरं ना? आता यहुद्यांतल्याच कितीतरी बायका यावर बोलतात, लिहितात, काही पंथांत नियम बदललेही. मी त्या ग्रंथांची जाणकार नाही, पण राख बायकांनी काढायची आणि राखेचं अध्यात्म पुरुषांनी सांगायचं हे मला ओळखीचं वाटतं.

असो. काकांच्या प्रश्नावर मला मान्न्याची गोष्ट आठवली, चर्चच्या शाळेत ऐकलेली. रानात आकाशातून पडणारं अन्न फक्त त्या दिवसापुरतं घ्यायचं, साठवलं की किडे पडायचे. शब्बाथच्या आदल्या दिवशी तेवढं दुप्पट. मला लहानपणीही वाटायचं, देवाने वर्षाचा शिधा एकदम का नाही दिला?

---

पाटीदप्तर

@चूलबोळकी, राखेवरचा टोला बरोबर बसला. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि द्यायचा प्रयत्नही करत नाही.

मान्न्याबद्दल मात्र नेमका तुमचाच प्रश्न तालमुदात (योमा ७६) रब्बी शिमोन बार योहायला त्याच्या शिष्यांनी विचारलाय. तो म्हणतो, एका राजाने मुलाला वर्षाचा शिधा एकदम बांधून दिला. मुलगा वर्षातून एकदा तोंड दाखवायचा. राजाने शिधा रोजचा केला, मग मुलगा रोज यायला लागला. रानातल्या माणसाला चार-पाच पोरं, उद्या पडेल की नाही ही धास्ती, म्हणून तो रोज वर बघायचा. काका, आत काय मिळालं याचं एक उत्तर हे घ्या. रोजचं बंधन हे पोराला बापाकडे पाठवण्याचं निमित्त.

आता अनघाताईंच्या अग्निहोत्राकडे येतो, कारण मला जे सगळ्यात मोलाचं वाटतं ते तिथे आहे. साम्य आहे, पण अग्निहोत्र हे ज्या त्या यजमानाचं, त्याच्या घरचं. तामीदला यजमानच नव्हता. कोकरं विकत घेतली जात ती अर्ध्या शेकेलच्या वर्गणीतून. ही वर्गणी निर्गम ३० मध्ये आहे: श्रीमंताने जास्त द्यायचं नाही, गरिबाने कमी द्यायचं नाही. म्हणजे रोज सकाळचं ते एक कोकरू सगळ्यांचं सारखंच. यावर मोठा वाद झाला होता. सदूकी पंथाचे लोक म्हणत, एखाद्याची ऐपत आणि इच्छा असेल तर त्याने स्वतःच्या पैशाने तामीद अर्पण करावं, काय हरकत आहे? रब्बी हटून बसले, चालणार नाही. शेवटी रब्बींची सरशी झाली, आणि निसान महिन्याचे पहिले आठ दिवस त्या आनंदात शोक वर्ज्य ठरवले गेले. विचार करा, कोणा धनिकाला रोजच्या पूजेचं पुण्य एकट्याच्या खाती लाटता येऊ नये, म्हणून सण!

आणि याजकही रोजचे नव्हते. त्यांच्या चोवीस पाळ्या होत्या. एकेक पाळी आठवडाभर सेवेला, मग पुन्हा जवळजवळ सहा महिन्यांनी नंबर. धूप जाळण्याचं काम तर आयुष्यात एकदाच. त्याची मोजणी सुरू करताना पुकारायचे, ज्याने कधी केलं नाही त्यानेच पुढे या. जनतेच्याही चोवीस तुकड्या. मिश्ना विचारते, एखाद्याचं अर्पण चाललंय आणि तो तिथे हजर नाही, असं कसं चालेल? म्हणून ज्या तुकडीचा आठवडा असेल तिच्यातले काही यरुशलेमला जायचे, उरलेले आपापल्या गावी जमून उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचायचे, रोज थोडा.

म्हणजे अग्नी रोजचा, माणूस पाळीचा. एका माणसाने जन्मभर रोज हे करावं अशी अपेक्षाच नव्हती. मी आजवर रोजची साधना म्हणजे एकट्याच्या निश्चयाची कुस्ती समजत होतो. इथे निश्चय सगळ्यांच्या वर्गणीतला आहे.

---

उंबरठा

हा शेवटचा प्रतिसाद वाचून लॉगिन केलं. मी धार्मिक नाही, यहुदी तर नाहीच. दर नव्या वर्षाला रोज काहीतरी वाचायचं-लिहायचं ठरवतो, आणि एक दिवस चुकला की त्या एका दिवसापायी सगळं सोडून देतो. खाडा पडला तर या ग्रंथांत काय सांगितलंय? का चुकलंच तर गेलं?

---

जालवाचक

@उंबरठा, यावर भरपूर आहे, कारण खाडे त्यांनाही पडायचे. मिश्ना (मनाखोत ४): सकाळचं कोकरू राहिलं तर संध्याकाळचं करा. एवढंच. सकाळचं गेलं म्हणून दिवस सोडू नका. रब्बी शिमोन पुस्ती जोडतो, ही सवलत नाइलाजाने किंवा नकळत राहिलं असेल तर. जाणूनबुजून टाळलं असेल तर नाही.

प्रार्थनेलाही तसंच. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोनदा म्हणायची: आधी आत्ताची, मग राहिलेली. क्रम उलटा नाही! मुद्दाम चुकवली असेल तर बायबलातल्या 'उपदेशक' या पुस्तकाचं वचन लावतात: वाकडं ते सरळ होत नाही.

आणि सगळ्या मिश्नेची सुरुवातच या विषयाने होते. पहिला प्रश्न: संध्याकाळचा शमा कधीपासून म्हणता येतो? मग कधीपर्यंत, यावर तीन मतं. बहुतेकांचं, मध्यरात्रीपर्यंत. रब्बान गमलिएलचं, पहाट फुटेपर्यंत. लगेच गोष्ट येते: गमलिएलची पोरं लग्नाच्या मेजवानीवरून उशिरा घरी आली आणि म्हणाली, बाबा, शमा राहिला. तो रागावला नाही. म्हणाला, पहाट फुटली नसेल तर अजून म्हणायचाच आहे. आणि पुस्ती जोडली, की रब्बी जिथे जिथे 'मध्यरात्रीपर्यंत' म्हणतात तिथे खरी मुदत पहाटेचीच. मध्यरात्र सांगितली ती माणसाने ढिलाई करू नये म्हणून.

पहिल्याच पानावर मेजवानीवरून उशिरा आलेली पोरं आहेत, यातच काय ते आलं.

---

दर्याकिनारी

याच गमलिएलची दुसरी बाजू सांगतो. नवऱ्या मुलाला लग्नाच्या रात्री शमातून सूट असते. स्वतःच्या लग्नाच्या रात्री त्याने म्हटला. शिष्य म्हणाले, गुरुजी, तुम्हीच तर शिकवलंत की सूट आहे. तो म्हणाला, स्वर्गाचं राज्य घडीभरही खाली ठेवायचं म्हणता, ते मी ऐकणार नाही. पोरांना पहाटेपर्यंत मुदत, स्वतःला एक रात्रही नाही.

---

खवचट_काका

हं. हे बरं आहे. स्वतःला कडक आणि दुसऱ्याला सैल. आपल्याकडे बहुधा उलट असतं.

आता मीही एक गोष्ट टाकतो, म्हणजे तुमचा पक्ष अगदीच गोडगोड व्हायला नको. तालमुदात (बावा कामा ८२) आहे. हिर्कानस आणि अरिस्टोबुलस हे सख्खे भाऊ गादीसाठी भांडत होते. एक यरुशलेमच्या आत, दुसरा बाहेरून वेढा घालून. रोज आतले तटावरून पेटीतून दिनार खाली सोडायचे, बाहेरचे त्याच पेटीतून तामीदची कोकरं वर पाठवायचे. लढाई चालू, तामीदही चालू! मग एक म्हातारा बाहेरच्यांना म्हणाला, जोवर यांची ही सेवा चालू आहे तोवर हे तुमच्या हाती लागणार नाहीत. दुसऱ्या दिवशी पेटीत डुक्कर आलं. अर्ध्या तटावर त्याने नखं रुतवली आणि देश हादरला, असं सांगतात.

लोक ही गोष्ट निष्ठेची म्हणून सांगतात. मला ती यशयाची वाटते. भाऊ भावाचा गळा धरतोय आणि दोघांना मिळून सकाळचं कोकरू चुकवायचं नाही. हे कसलं नित्यकर्म?

---

पाटीदप्तर

काका, ही गोष्ट मला माहीत होती आणि मी ती मुद्दाम आणली नव्हती, कारण तुमच्यासारखाच अर्थ मलाही दिसतो. पण त्यात अजून एक आहे. ती पेटी हाच त्या दोन भावांतला शेवटचा व्यवहार होता. ती चालू होती तोवर रोज एकदा तरी दोन्ही बाजूंची माणसं एकाच दोरीला हात लावत होती. डुकराने तेवढंही संपवलं.

तामूझ महिन्याच्या सतराव्या दिवशी पाच वाईट गोष्टी घडल्या अशी मिश्नेत यादी आहे. मोशेच्या पाट्या फुटल्या, शहराचा तट फुटला वगैरे. त्याच यादीत, त्याच वजनाने: तामीद बंद पडलं.

---

अनघा_ठाणे

या विषयावर सुरुवात कुठून करावी? एकदम तालमुद नको, झेपणार नाही.

---

पाटीदप्तर

मिश्नेतलं 'तामीद'च वाचा. एका बैठकीत होतं, आणि वाद कमी, वर्णन जास्त. कोणी छतावर चढून ओरडतोय, पूर्व उजळली का, हेब्रोनपर्यंत उजळली का. राखेचा ढीग केवढा, तर तीनशे कोर (कोर हे जुनं माप; यावर तालमुदच म्हणतो, ही अतिशयोक्ती). आणि सणाच्या दिवसांत ती राख काढायची नाही, कारण ती वेदीचा दागिना. शेवटी लेवी (मंदिरातले गायक-सेवक) कोणत्या वारी कोणतं स्तोत्र गात, ते येतं. रविवारी २४, सोमवारी ४८, मंगळवारी ८२, बुधवारी ९४, गुरुवारी ८१, शुक्रवारी ९३, शब्बाथला ९२. आजही सकाळच्या प्रार्थनेत त्या त्या वारचं म्हणतात. मराठी बायबलात ही सगळी आहेत, रोज एक वाचून बघा.

---

उंबरठा

हे जमेल. आज बुधवार, ९४ काढलं. पहिलीच ओळ "हे सूड घेणाऱ्या देवा"!

---

खवचट_काका

आठवड्याच्या मध्यावर अगदी योग्य स्तोत्र. आमच्या ऑफिसात लावलं पाहिजे.

---

दर्याकिनारी

काका, तेवढ्यावर थांबत नाहीत. बुधवारी ९४ संपलं की लगेच ९५च्या पहिल्या तीन ओळी जोडून म्हणतात, "या, परमेश्वराचा जयजयकार करू." @उंबरठा, त्याही वाचा.